रकमनवर एवढी रक्कम कशाला? आणि गर्न्सीच्या नंबरांचं काय?

काळा-पांढरा (टार्नीट)

परवा चिरंजीवांचं कपाट आवरताना ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या (एएफएल) कॉलिंगवूड क्लबची जुनी गर्न्सी, म्हणजे खेळाडूंची जर्सी, हाती लागली. पाठीवर ४, म्हणजे ब्रॉडी ग्रंडीचा नंबर. घेतली तेव्हा ग्रंडीने क्लबशी नुकताच सात वर्षांचा करार केला होता, २०२७ पर्यंतचा. मी आपल्या देशी हिशोबाने दोन मापं मोठी घेतली. म्हटलं, पोरगं दहावीला जाईपर्यंत निघेल. ती त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होती तोवरच, २०२२ संपता संपता, ग्रंडी मेलबर्न क्लबला गेलासुद्धा.

तर माझं म्हणणं, रकमनवर मोठी रक्कम लावू नये. (यमक आपोआप जुळलंय, माझा दोष नाही.)

बघा ना. त्या कराराचा आकडा पेपरांत सुमारे ७० लाख डॉलर असा आला होता. सॅलरी कॅप, म्हणजे एकूण पगाराची मर्यादा, सगळ्या क्लबांना सारखी. एकट्या उंच माणसाने एवढं खाल्लं तर बाकीच्यांच्या ताटात काय पडणार? २०२२ मध्ये अँझॅक डेच्या सामन्यात ग्रंडीचा गुडघा गेला, आणि त्याच्याशिवाय आम्ही प्रिलिमिनरी फायनलपर्यंत (फायनलच्या आधीची पायरी) पोचलो. सिडनीकडून फक्त एका गुणाने हरलो. मग क्लबने त्याला पिक २७ च्या (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सत्ताविसावा नंबर) बदल्यात सोडलं, वर पगाराचा काही भाग आपणच भरत राहिला. लोकांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या. पुढच्याच वर्षी डार्सी कॅमरन आणि मेसन कॉक्स या जोडीवर आम्ही कप उचलला, ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून. कॉक्स म्हणजे तो २११ सेंटीमीटरचा अमेरिकन, मूळचा बास्केटबॉलवाला.

आता सांगा, कुणाचं चुकलं?

नवखी_वेरिबी

दादा, रकमन म्हणजे नक्की कोण? आम्हाला येऊन आठ महिने झालेत. ऑफिसच्या टिपिंगमध्ये (सामने कोण जिंकणार ते ओळखायचं) नाव घातलंय, सध्या तळाला आहे. एमसीजी माहिती होतं ते फक्त रहाणेच्या २०२० च्या शतकामुळे.

डीमन_डोंबिवलीकर

ताई, टिपिंगमध्ये तळाला असणं हा इथल्या नागरिकत्वाचा पहिला टप्पा आहे, घाबरू नका.

रकमन म्हणजे संघातला ताडमाड माणूस. प्रत्येक गोलनंतर चेंडू परत मैदानाच्या मध्यावर येतो. दोन्हीकडचे रकमन समोरासमोर उडी मारतात आणि चेंडू पकडत नाहीत, तळव्याने किंवा मुठीने आपल्या मिडफिल्डरकडे टोलवतात. त्याला हिट-आउट म्हणतात. पूर्वी पंच चेंडू जमिनीवर आपटून वर उडवायचा, २०२६ पासून ते आपटणं बंद झालं, आता सरळ वर फेकतात. चेंडू सीमारेषेबाहेर गेला की अनेकदा तिथेही पंच पाठमोरा उभा राहून डोक्यावरून आत फेकतो आणि पुन्हा हेच दोघे भिडतात.

एकदा कुंपणाला लागून उभं राहून बघा. टीव्हीवर फक्त उडी दिसते. जवळून दिसतं की उडीआधीची दोन सेकंदं निव्वळ कुस्ती असते: एक दुसऱ्याच्या बरगडीत कोपर रोवून त्याला रेटत असतो, दुसरा मागच्या पायावर भार घेऊन जागा सोडत नाही. आणि मान वळवून मागे न बघता चेंडू बरोबर धावत येणाऱ्याच्या ओंजळीत पडतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलून देणारा असतो ना, तसंच. टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला.

आता धाग्याच्या विषयाकडे. काळा-पांढरा, तुमचा हिशोब एकाच क्लबचा आहे. आमचा, म्हणजे मेलबर्न क्लबचा, रकमन मॅक्स गॉन घ्या. ५७ वर्षं कप नव्हता आमच्याकडे, १९६४ नंतर थेट २०२१. त्या वर्षी शेवटच्या साखळी सामन्यात जिलॉंगविरुद्ध सायरन वाजल्यावर गोल मारून आम्हाला गुणतक्त्यात पहिलं केलं कुणी? गॉनने. प्रिलिमिनरीत त्याच जिलॉंगविरुद्ध पाच गोल कुणाचे? गॉनचेच. फायनलमध्ये तिसऱ्या क्वार्टरला १९ गुणांनी मागे होतो, तिथून ७४ गुणांनी जिंकलो. पेट्राका आणि ऑलिव्हर या मिडफिल्डरांचं नाव झालं, बरोबरच आहे. पण पेट्राका गेला गोल्ड कोस्टला, ऑलिव्हर गेला जीडब्ल्यूएसला. उरलाय कोण? तोच दाढीवाला.

काळा-पांढरा (टार्नीट)

गॉनला मीही सलाम करतो. पण मग त्याच्या जोडीला ग्रंडी घेतलात कशाला? घरात एक फ्रिज असताना दुसरा घेऊन गॅलरीत ठेवला. २०२३ ला फायनल्स (साखळीनंतरचे सामने) आल्या तेव्हा ग्रंडी संघाबाहेर, आणि तुम्ही दोन सामन्यांत घरी.

डीमन_डोंबिवलीकर

ते लागलं. 😀

पण कारण समजून घ्या. आमचा दुसरा रकमन ल्यूक जॅक्सन, २०१९ च्या ड्राफ्टमधला पिक ३, कप जिंकून वर्षभरात म्हणाला मला पर्थला घरी जायचंय, आणि फ्रीमँटलला गेला. ती जागा भरायला ग्रंडी. जॅक्सन पुढे खेळायचा, गरज पडली की रकमध्ये यायचा, ग्रंडी हाडाचा रकमन. दोन पट्टीचे रकमन एका संघात म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. ती फसगत खरेदीची होती, त्यात ग्रंडीचा काय दोष? सिडनीला गेल्यावर तोच माणूस २०२४ ला गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या संघाचा मुख्य रकमन होता की.

पिवळी पट्टी

आणि त्याच २०२४ च्या फायनलमध्ये काय झालं तेही लिहा. ब्रिस्बेनचा नेहमीचा रकमन मॅकिनर्नी खांद्याच्या दुखापतीने बाहेर. आला कोण, डार्सी फोर्ट, राखीव गडी. समोर ग्रंडी. निकाल? ब्रिस्बेन ६० गुणांनी. काळा-पांढऱ्यांशी सहमत व्हावं लागतंय याचं रिचमंडवाला म्हणून दुःख आहे.

आमचंच बघा. टोबी नॅन्कर्विस सिडनीत मागच्या बाकावर होता. २०१६ अखेरीस स्वस्तात आणला, २०१७ ला कप. ना नखरा ना गाजावाजा. रकमन असाच घ्यावा, जुन्या बाजारातून, इंजिन तपासून.

डीमन_डोंबिवलीकर

आणि त्या जुन्या बाजारातल्या गड्याला तुम्ही नंतर कॅप्टन केलंत. म्हणजे महत्त्व नाही असं नाही, पैसे द्यायचे नाहीत इतकंच. आमच्या डोंबिवलीत याला वेगळा शब्द आहे.

ससाणा

दोघांचंही अर्धं खरं. नुसते हिट-आउट मोजून काही कळत नाही, चाळीस वेळा टोलवून तीस वेळा चेंडू समोरच्याच्या हातात पडत असेल तर काय उपयोग? टोलवल्यानंतर हा बाबा पळतो का, मागे येऊन मार्क घेतो (किक झेलतो) का, हे बघा. २०२२ ला जिलॉंगने स्टॅन्ली आणि ब्लिकाव्सवर कप जिंकला. ब्लिकाव्स मूळचा स्टीपलचेसचा धावपटू! त्याची खरी करामत जमीन सोडल्यावर नाही, जमिनीवर आल्यावर दिसते.

रच्याकने, शीर्षकात नंबरांचं लिहिलंय, त्यावर कुणीच बोलत नाहीये.

काळा-पांढरा (टार्नीट)

हो, तेच राहिलं. माझा प्रश्न असा, नंबर क्लबचा की माणसाचा? आपल्याकडे तेंडुलकरचा १० बघा. २०१७ ला पालघरच्या शार्दूलने तो श्रीलंकेत घातला तर लोकांनी त्याला नको नको केलं, आणि बोर्डाने तो नंबर गुपचूप कपाटात ठेवला. इथे उलट. नंबर सहसा निवृत्त करत नाहीत, पुढच्याच्या खांद्यावर टाकतात. मला विचाराल तर आपली पद्धत चुकली. कपाटात ठेवलेला नंबर म्हणजे लॉकरमधला आजीचा तोडा. कुणी घालत नाही, फक्त आहे म्हणून सांगायचं.

ससाणा

हॉथॉर्नचा २३ घ्या. आधी डॉन स्कॉटचा, तो रकमन होता. मग डर्मॉट ब्रेरटन, मग बडी फ्रँकलिन. तीन अगदी वेगळे खेळाडू, पण २३ पाठीवर आला की माणूस थोडा ताठ चालतो. स्कॉटचं तर विचारूच नका. १९९६ मध्ये हॉथॉर्न आणि मेलबर्नचं विलीनीकरण घाटत होतं. त्या सभेत या गड्याने प्रस्तावित नवी गर्न्सी सगळ्यांसमोर धरली आणि तिच्यावरचा ससाणा (हॉथॉर्नचं चिन्ह) टर्रकन ओढून काढला. वेल्क्रोने चिकटवलेला होता! खाली उरली मेलबर्नची गर्न्सी. हजार शब्दांचं भाषण एका टर्रकनमध्ये. विलीनीकरण बारगळलं.

म्हणून नंबर क्लबचाच.

डीमन_डोंबिवलीकर

मग फ्रँकलिन सिडनीला जाताना २३ बरोबर कसा घेऊन गेला? २०२२ ला त्याने हजारावा गोल मारला आणि हजारो लोक कुंपण ओलांडून मैदानात शिरले, तेव्हा पाठीवर सिडनीचा २३ होता. तो फोटो बघताना हॉथॉर्न आठवतो का कुणाला?

ससाणा

मला आठवतो. आणि दुखतं.

पिवळी पट्टी

आमच्याकडचा वाद याहून जुना आहे. रिचमंडचा १७ म्हणजे जॅक डायर, कॅप्टन ब्लड. ३१२ सामने, १९४३ चा कप कॅप्टन-कोच म्हणून. आणि हो, रकमनच! पुढे प्रथा अशी पडली की कॅप्टनने १७ घालायचा. केन जॉन्सनने घातला, ख्रिस न्यूमनने घातला. मग आला ट्रेंट कॉचिन. त्याने ९ सोडला नाही. माझे सासरे (इथलेच, तीन पिढ्यांचे टायगर, म्हणजे रिचमंडवाले) तेव्हा म्हणाले होते की हा मुलगा काही जिंकणार नाही. त्याने २०१७, २०१९, २०२० असे तीन कप आणले. सासरे आजही म्हणतात, १७ घातला असता तर चार आणले असते.

माझं मत सासऱ्यांच्या बाजूने आहे. घरी जेवायचं असतं म्हणून नाही. प्रथा पटली तरच पाळायची म्हटलं तर ती प्रथा कसली?

नवखी_वेरिबी

पण काका, माणूस नऊ-दहा वर्षं एक नंबर घालतो, लहान मुलं तोच नंबर पाठीवर लावून फिरतात. कॅप्टन झाला म्हणून त्याने आपला नंबर टाकून दुसऱ्याचा घालायचा? लग्नानंतर नाव बदलायला लावतात तसंच झालं हे. मी नाही बदललं. कॉचिनचं बरोबर होतं.

पिवळी पट्टी

ताई, काका नका म्हणू, ४१ चा आहे. बाकी मुद्दा सौ. ला वाचून दाखवला, ती तुमच्या बाजूने आहे. म्हणजे घरात मी आणि सासरे एका बाजूला.

डीमन_डोंबिवलीकर

नवखी ताईंना +१. शिवाय १७ म्हणजे एकटा डायर नव्हे. मॉरिस रिओलीने १७ घालून १९८२ ची फायनल गाजवली, हरलेल्या संघात असून नॉर्म स्मिथ पदक (फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळवलं. पुढे त्याच घराण्यातल्या डॅनियल रिओलीने त्याच्या आठवणीत १७ घेतला. कॅप्टनची प्रथा मोडली म्हणून तर ही दुसरी प्रथा जगली. कुठली मोठी ते तुम्हीच ठरवा.

आमचा ११ सुद्धा तसाच. गॉनच्या आधी जिम स्टाइन्सचा. आयर्लंडहून आलेलं पोर. १९८७ च्या प्रिलिमिनरीत भलत्या वेळी, समोरचा किक घ्यायच्या तयारीत असताना, मधून धावत गेला, समोरच्याला पंधरा मीटर फुकट मिळाले आणि फायनल हुकली. चारच वर्षांनी, १९९१ ला, त्याने ब्राउनलो पदक (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) जिंकलं. सलग २४४ सामने खेळला. नंतर क्लब डबघाईला आला तेव्हा अध्यक्ष झाला, कॅन्सरशी झुंजत. २०१२ ला गेला. त्याचा ११ पुन्हा एका रकमनच्याच पाठीवर आहे, हे बघून माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही काहीतरी होतं.

जुना_भिडू

मी १९८० पासून इथे आहे, तुमच्या सगळ्यांच्या आधीचा. ट्रेड, रकमन आणि नंबर या तिन्ही गोष्टी एका घरात बघायच्या असतील तर पीटर मूर बघा.

कॉलिंगवूडचा रकमन, नंबर ३०, १९७९ चं ब्राउनलो. १९८१ ला कॅप्टन म्हणून फायनल हरला आणि उपविजेत्याचं पदक भिरकावून दिलं. मला तेव्हा तो माजोरडेपणा वाटला होता. आता वाटतं, त्याच्याकडे दुसरं होतं काय फेकायला? मग हा माणूस कॉलिंगवूड सोडून थेट मेलबर्न क्लबला गेला. काय बोललेत लोक त्याला! ट्रॅममध्ये, कारखान्यात, डबा खाताना. तिथे त्याने १९८४ ला दुसरं ब्राउनलो मिळवलं, म्हणजे सोडलेला रकमन संपलेला नव्हता. काळा-पांढऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

त्याचा मुलगा डार्सी फादर-सन नियमाने २०१४ ला कॉलिंगवूडमध्येच आला. (बाप त्या क्लबसाठी १०० सामने खेळलेला असला की मुलावर क्लबचा पहिला हक्क.) नंबर कुठला घेतला? ३०. कॅप्टन झाला आणि २०२३ चा कप त्यानेच उचलला. बाप सोडून गेला तरी नंबराने घर सोडलं नाही.

काळा-पांढरा (टार्नीट)

काका, दंडवत. मूरचं माहिती होतं, पण ग्रंडीच्या शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. तरी पैशांच्या मुद्द्यावर मी हटत नाही. मूरला कुणी सात वर्षांचा करार दिला नव्हता.

डीमन_डोंबिवलीकर

तुम्ही हटणार नाही हे पहिल्या ओळीतच कळलं होतं. ती गर्न्सी मात्र टाकू नका. ग्रंडी गेल्यावर ४ ब्रेडन मेनार्डने घेतलाय. तुमच्याच क्लबचा, आणि आमच्या मंडळींना तो फार आवडतो (हे उपरोधाने वाचावे).

काळा-पांढरा (टार्नीट)

चिरंजीवांना हेच सांगितलं. घालून दाखवली, तर आता ती बेंबीच्या वर येते. धाकटीला दिली. तिने पाठीवरचा ४ बघितला आणि म्हणाली, "बाबा, मला निक डेकॉसचा ३५ पाहिजे."

३५ आधी डेकॉसच्या बापाचा होता हे तिला सांगत बसलो. तेवढ्यात ती ४ च्या आधी काळ्या मार्करने ३ काढायला घेत होती. म्हटलं, ३४ होईल गं. म्हणाली, मग नवीन आणा.

या वेळी बरोब्बर मापाची घेणार आहे.