मदत हवी आहे: ऑटोक्रॉससाठी मियाटामध्ये आधी काय बदलू? (तातडीचे)

रेडलाईन_राजा
नमस्कार मंडळी. मियाटा (माझदाची छोटी दोन सीटची गाडी) आहे, ऑटोक्रॉसला नेतो, म्हणजे मैदानात प्लास्टिकचे कोन मांडून घड्याळाशी लावलेल्या शर्यतीला. गाडी मंद आहे. दुसरा एक मियाटावाला दर वेळी माझ्यापुढे तीन-साडेतीन सेकंद असतो, आणि त्याची गाडी माझ्याहून जुनी! सध्या एकच मोठा खर्च झेपेल. डोक्यात आहे ते असं: हेडर-एक्झॉस्ट-इनटेक, नाहीतर टर्बो किट (वापरलेलं मिळतंय), नाहीतर मोठे ब्रेक. पुढची स्पर्धा रविवारी आहे, त्यामुळे ऑर्डर आज-उद्याच टाकायची आहे. थेट उत्तर द्या. "आधी ड्रायव्हर सुधार" हे प्रवचन नको, ऐकून कान किटले आहेत.

कोनवेचक
कुठली मियाटा? पिढी कुठली, एनए, एनबी, एनसी, एनडी? टायर कुठले? डिफरन्शियल ओपन की एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं)? क्लास (स्पर्धेतला गाडीचा गट) कुठला? गाडी पुढून घसरते की मागून? डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही, इंजेक्शन कुठलं घेऊ" असं विचारल्यासारखं झालंय हे.

टर्बोभक्त
टर्बो. विषय संपला. एक्झॉस्टने फक्त आवाज वाढतो.

दुसरा_गिअर
विषय सुरूसुद्धा झालेला नाही. ऑटोक्रॉस जवळजवळ सगळी दुसऱ्या गिअरमध्ये चालते. मिनिटभराच्या फेरीत गाडी सरळ अशी किती वेळ असते? स्लॅलममध्ये (कोनच्या रांगेतून नागमोडी जाताना) टर्बो उशिरा जागा झाला की कोनच्या रांगेत ताकद नको तिथे येते.

टर्बोभक्त
छोटा टर्बो लावा, लॅग नाही. स्वतः चालवतोय, ऐकीव सांगत नाही.

दुसरा_गिअर
चालवताय हो. निकाल पण सांगा की मग.

चकाकी
ज्यांच्या गाड्या मैदानात पळतात त्यांनी पुढच्या बंपरला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) जरूर करून घ्या. कोनचा रंग क्लिअरकोटला चिकटला की सहजी निघत नाही. मी क्ले बार वापरते, फोटो हवे असतील तर टाकते.

रेडलाईन_राजा
अहो प्रश्न साधा आहे. एनबी, २००० ची, १.८ इंजिन. टायर चांगले आहेत, नक्षी भरपूर आहे. क्लास नोंदणीच्या टेबलावर देतात तो. डिफरन्शियल कंपनीचं. आता सांगा, एक्झॉस्ट की टर्बो? ब्रेकबद्दल तर कोणीच बोलत नाहीये.

तेरा_नंबर_पाना
ब्रेकबद्दल बोलतो. मोठे ब्रेक उष्णता पचवायला असतात. ऑटोक्रॉसच्या एका फेरीत उष्णता साठेपर्यंत फेरी संपलेली असते. हजार-अकराशे किलोची गाडी आहे ही. पेडल जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील किंवा एबीएस जागा होत असेल, तर तुमचे आहेत तेच ब्रेक टायरला भारी आहेत. वर मोठ्या डिस्कचं वजन चाकावर, तेही स्प्रिंगच्या खालच्या बाजूला. रेसचे पॅड तर मुळीच नकोत, ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत.

आता टायर. नक्षी राहू द्या, तारीख वाचा. टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, गाडीखाली डोकं घाला. तिथेच ट्रेडवेअरचा आकडाही असतो (जितका मोठा, तितका टायर टिकाऊ पण पकड कमी). हवा किती ठेवता तेही लिहा.

शंकासूर
धागा हायजॅक करत नाही, पण माझ्याकडे पाच दारांची साधी हॅचबॅक आहे. तिला घेतील का ऑटोक्रॉसला?

उजवा_पाय
शंकासूर, घेतील. उंच एसयूव्हींना उलटण्याच्या भीतीने सहसा घेत नाहीत, हॅचबॅकला अडचण नाही. बॅटरी घट्ट बांधलेली हवी, व्हील बेअरिंग ढिलं नको, डिकी आणि पायाखालची जागा रिकामी हवी. हेल्मेट बहुतेक ठिकाणी मागून मिळतं. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

राजाभाऊ, गाडी नेमकी काय करते ते तुम्ही अजून सांगितलेलंच नाही. मंद म्हणजे कुठे मंद?

रेडलाईन_राजा
घ्या, सगळं देतो. टायरवर २३१६ आहे. ट्रेडवेअर ४२०. हवा चारी चाकांत ४० पीएसआय, मैदानावरच्या जुन्या मंडळींनी सांगितली म्हणून. वळणात शिरताना गाडी ठीक असते, पण मध्यावर मागून एकदम सुटते. सावरून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागचं आतलं चाक नुसतं फिरतं, धूर काढतं, गाडी जागची हलत नाही. म्हणून तर म्हणतोय ताकद कमी पडते. सस्पेन्शनचा प्रश्न नाही, मागच्या मालकाने कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) टाकलेत. गाडी मस्त खाली बसली आहे, दिसायला एक नंबर.

कोनवेचक
हे पहिल्या पोस्टमध्ये का नव्हतं??

दुसरा_गिअर
चाक जागच्या जागी फिरतंय आणि म्हणे ताकद कमी पडते! आहे तीच ताकद जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यात टर्बोची भर घाला.

टर्बोभक्त
एलएसडी टाका, मग टर्बो टाका. दोन्ही करा.

तेरा_नंबर_पाना
२३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असणारच, रबर दगड झालंय ना. वर ४२०, म्हणजे टिकावा म्हणून बनवलेला टायर. तुमच्यापुढचा माणूस बहुधा २०० ट्रेडवेअरवर असेल. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२ असले काहीतरी. तीन सेकंदांचा मोठा वाटा तिथेच सापडेल. एकच मोठा खर्च करायचा तर टायर. मी आणखी काही ऐकून घेणार नाही.

उजवा_पाय
पानाकाका, टायर हवेतच, वाद नाही. पण नवे टायर टाकून त्यांची गाडी मागून सुटायची थांबणार नाही. पकड वाढली की बॉडी जास्त झुकेल, आणि मला शंका आहे ती गोष्ट उलट लवकर होईल. गाडी "मस्त खाली बसली" आहे, हे वाक्य परत वाचा.

राजाभाऊ, एक काम करा. पैसे लागत नाहीत. मागची चाकं काढा, शॉकवरचं रबरी धूळकव्हर वर सरकवा. चकचकीत दांडा दिसेल, त्यावर वरच्या बाजूला फोमचा किंवा रबराचा ठोकळा, तो बंप स्टॉप. दांड्याला बारीक केबल टाय घट्ट बांधा, खाली शॉकच्या नळीला टेकवा, उरलेलं टोक कापून टाका. चाक लावून गाडी जमिनीवर उभी करा, मग परत उचलून बघा टाय कुठवर सरकला. नुसत्या उभ्या गाडीने तो ठोकळ्यापाशी गेला असेल, तर तुमची गाडी वळणात स्प्रिंगवर नसतेच, ठोकळ्यावर बसलेली असते.

एनए-एनबीला मागे दबायला जागा मुळातच थोडी. बाहेरचं मागचं चाक ठोकळ्यावर आदळलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी वाढतो, सगळा भार त्या एका टायरवर येतो आणि मागचा भाग सुटतो. त्याच वेळी आतलं चाक हलकं होतं, कधी हवेत जातं. तुमची दोन दुखणी म्हणून सांगितलीत, ती एकच आहेत.

दुसरा_गिअर
ताईंना अनुमोदन. एलएसडी आहे का तेही बघून घ्या. दोन्ही मागची चाकं उचला, न्यूट्रल, हँडब्रेक सोडा, एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर ओपन.

तेरा_नंबर_पाना
चुकीचं सांगू नका. क्लचवाल्या एलएसडीला ही परीक्षा ठीक. या मॉडेलच्या काही गाड्यांना कंपनीकडून टॉर्सन (गिअरवाला एलएसडी) येत असे, आणि टॉर्सनवर भार नसला की तोही हाताने ओपनसारखाच फिरू शकतो. आणि टॉर्सन असला तरी चाक हवेत गेलं की काय? तो पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या काही पट टॉर्क देतो. शून्याची कितीही पट शून्यच. म्हणून आधी चाक जमिनीवर ठेवा, डिफरन्शियल नंतर.

दुसरा_गिअर
बरं. मग मागचा अँटी-रोल बार जाड करा, झुकणंच कमी होईल.

तेरा_नंबर_पाना
मागचा जाड केलात तर आतलं चाक आणखी उचललं जाईल! पुढचा जाड करा. पुढचा कडक झाला की भार-बदल पुढचे टायर जास्त सोसतात, मागचं आतलं चाक खाली राहतं.

कोनवेचक
आणि मग गाडी नाक बाहेर टाकून सरळ माझ्या अंगावर येते. मी तिथे उभा असतो, काका.

चकाकी
मैदानातून आल्यावर व्हील वेलमध्ये टायरचे तुकडे चिकटतात. त्यांना कोमट पाणी.

रेडलाईन_राजा
बघितलं. टाय ठोकळ्याच्या आत रुतलाय. मैदानात नेलीच नाही, फक्त जॅकवरून खाली उतरवली होती. नळी आणि ठोकळा यांच्यात बोटभरसुद्धा जागा नाही. उजव्या बाजूचा ठोकळा तर खालून चिरलाय. आता हे कॉइलओव्हर फेकायचे का? आणि रविवारचं काय?

उजवा_पाय
फेकायची घाई नको. मागची उंची वाढवा. तुमच्या कॉइलओव्हरला खालचा ब्रॅकेट वेगळा फिरत असेल तर शॉकची लांबी त्याने बदला, स्प्रिंगचं बूड तसंच राहू द्या. तसं नसेल तर स्प्रिंगचं बूड वर घ्या. दोन्हीकडे सारखंच, मग पुढची उंची बेताने जुळवा. दिसायला एक नंबर राहणार नाही, इलाज नाही. ठोकळे दोन्ही बदला. कोणी "ठोकळा कापून टाका" म्हणेल, त्याचं ऐकू नका. कापून जागा मिळते, पण शॉकचा तळ लागायला लागला तर शॉक गेला.

उंची बदलली की अलाइनमेंट परत करावीच लागते. या गाडीला चारी चाकांना कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) बदलायचे कॅम बोल्ट आहेत. पुढे निगेटिव्ह कॅम्बर मिळेल तेवढा, मागे त्याहून साधारण अर्धा अंश कमी. पुढचा टो शून्य, मागे किंचित आत. मागचा टो बाहेर गेला असेल (गाडी एवढी खाली असताना मला तीही शंका आहे) तर ती मध्यावर सुटायला हातभारच लावतो.

तेरा_नंबर_पाना
रविवारसाठी हवा कमी करा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर २६ लिहिलंय, तुम्ही ४० भरता. जुन्या मंडळींनी सांगितलं ते जड आणि पुढून ओढणाऱ्या गाड्यांचं असेल. टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा मारा, फेरी करा. रेघ कडेच्या त्रिकोणी खुणेच्या खालपर्यंत पुसली तर हवा कमी आहे, खुणेच्या बऱ्याच वर राहिली तर जास्त. दोन-दोन पीएसआयने हलवा. दगडी टायरला यानेही थोडंच मिळेल, पण मिळेल.

टर्बोभक्त
सगळं मान्य. हे झाल्यावर टर्बोच ना?

कोनवेचक
क्लासचं कोणीच बोललं नाही. एससीसीएच्या (अमेरिकेतली मोटरस्पोर्ट संघटना) सोलो नियमांवर तुमचा क्लब चालत असेल तर स्ट्रीट क्लासमध्ये शॉक बदलता येतात, पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटी-रोल बार बदलता येतो, स्प्रिंग नाही. म्हणजे कॉइलओव्हरमुळे तुम्ही स्ट्रीटबाहेर आधीच आहात. स्ट्रीट टूरिंगमध्ये ते चालतात, पण टर्बो बसवलात की तिथूनही बाहेर, मग तुमच्यासमोर कसल्या कसल्या गाड्या उभ्या राहतील ते नियमपुस्तकात बघा. नोंदणीच्या टेबलावर जे देतात ते घेऊ नका, बॉनेट उघडून गाडी दाखवा.

टर्बोभक्त
हौशी स्पर्धा आहे हो. कोण बघतंय?

कोनवेचक
हरलेला बघतो.

शंकासूर
वेगळा धागा काढलाय, कृपया यावे. त्यात सीएनजीची टाकी असल्याचं लिहायचं राहिलं होतं.

उजवा_पाय
शंकासूर!! डिकीत टाकी? आधी आयोजकांना विचारा, मग या.

रेडलाईन_राजा
मागची उंची वाढवली, ठोकळे मागवलेत. गाडी आता टेम्पोसारखी दिसते. रविवारी जुन्याच टायरवर जातो, एक्झॉस्टचं नंतर बघू (सोडलेलं नाही). टायर मात्र घेतोय. चाकं कंपनीची १५ इंची, ६ रुंद. १९५/५० घेऊ, २०५/५० घेऊ, की चाकंसुद्धा बदलून २२५? एका वाक्यात सांगा.

तेरा_नंबर_पाना
१९५. सहा इंची रिमवर २०५ ची कड दुमडते, स्टिअरिंगला उत्तर उशिरा येतं.

दुसरा_गिअर
२०५. याच आकाराचे २०० ट्रेडवेअर टायर सहज मिळतात, आणि थोडी जास्त हवा ठेवली की कड दुमडत नाही.

उजवा_पाय
आत्ता २०५. स्ट्रीट टूरिंगमध्येच राहायचं ठरलं तर पुढच्या वेळी नियमात बसतील तेवढी रुंद चाकं. २२५ सहा इंचीवर चढवू नका, कोणी फुकट दिले तरी.

तेरा_नंबर_पाना
फुकट देत असेल तर माझा पत्ता द्या त्याला. माझी चाकं ८ इंची आहेत.