मदत हवी आहे: 'द ओल्ड हंटर्स' विकत घेतलं, पण ब्लडबोर्नमध्ये येत नाही

रात्रपाळी:
डिस्क ड्राइव्हचा पीएस५, ब्लडबोर्नची सेकंडहँड पीएस४ डिस्क, गेम व्हर्जन १.०९, अकाउंट भारतातलं. काल स्टोअरवरून 'द ओल्ड हंटर्स' हे डीएलसी (मूळ गेमला जोडायचा, वेगळा विकला जाणारा भाग) घेतलं. पैसे गेले, पावतीची मेल आली, डाउनलोड पूर्ण झालं. व्हिकर अमेलिया ही बॉस (मोठी शत्रू) मारली आहे, वेदीवरच्या कवटीला हात लावला आहे, गेममधल्या यारनाम शहरात रात्र झाली आहे. तरी हंटर्स ड्रीममध्ये, म्हणजे गेममधल्या मुक्कामाच्या जागी, मेसेंजर (वस्तू देणारी छोटी भुतं) काहीच देत नाहीत. रिस्टोअर लायसन्स केलं, डीएलसी काढून पुन्हा टाकलं, कन्सोल बंद करून चालू केला. फरक नाही. नेमकं कुठे अडलंय?

कोकणकडा:
दोन गोष्टी सांगा, मग नक्की बोलता येईल. डिस्कच्या खोक्याला पुस्तकासारखा कणा असतो, त्यावर बारीक अक्षरांत 'सीयूएसए' आणि पुढे पाच आकडी नंबर असतो. तोच नंबर डिस्कवरही छापलेला असतो. तो कोणता? आणि खोक्यावर वयाचं चिन्ह कोणतं आहे, युरोपच्या पेगीचा १६ की अमेरिकेच्या ईएसआरबीचा एम?

सेकंडहँड डिस्कचं खोकं बदललेलं असू शकतं, त्यामुळे नंबर डिस्कवरूनच वाचा. तिरक्या उजेडात धरली की दिसतो.

रात्रपाळी:
डिस्कवर सीयूएसए-००९००. खोक्यावर ईएसआरबीचा एम.

कोकणकडा:
मग सापडलं. ००९०० ही अमेरिकन आवृत्ती, म्हणजे रीजन १. युरोपची ००२०७. भारतातलं पीएसएन (सोनीचं ऑनलाइन) स्टोअर युरोपच्या, म्हणजे रीजन २ च्या कोडचा माल देतं. तुम्ही घेतलेलं डीएलसी ००२०७ साठी आहे. पीएस४ आणि पीएस५ वर डिस्कला रीजन लॉक नाही, कुठलीही डिस्क कुठल्याही कन्सोलवर चालते. लोक फसतात ते इथेच. डीएलसी मात्र गेमच्या कोडला बांधलेलं असतं. तुमच्या कन्सोलवर ते उतरतं, जागा खातं, पण गेम त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, कारण त्याच्या लेखी ते दुसऱ्याच गेमचं आहे. लायसन्स कितीही वेळा रिस्टोअर केलं तरी काही होणार नाही. लायसन्स ठीकच आहे, जोडी चुकली आहे.

पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी कॉम्प्युटरवर स्टोअरचं पान उघडा आणि वरची लिंक वाचा. डीएलसीच्या लिंकमध्ये प्रॉडक्टचा लांबलचक नंबर असतो. त्याची सुरुवात ईपीने असेल तर युरोप, यूपीने असेल तर अमेरिका, एचपीने असेल तर हाँगकाँगकडचं आशियाई स्टोअर. त्याच नंबरात पुढे सीयूएसए किंवा पीएस५ च्या गेमसाठी पीपीएसए असा कोड येतो. तो डिस्कवरच्या कोडशी जुळला तरच पैसे भरा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रात्रपाळी:
पैसे परत मिळतील का?

कोकणकडा:
नियम असा आहे: डीएलसी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि डाउनलोड सुरू केलेलं नसेल तर रिफंड. तुम्ही उतरवून घेतलंय, त्यामुळे नियमाने बसत नाही. सपोर्टच्या चॅटवर 'रीजन जुळत नाही' एवढं स्पष्ट लिहून एकदा विचारून बघा, पण ते धरून बसू नका.

आता तीन वाटा आहेत.

पहिली, ००२०७ ची डिस्क मिळवायची किंवा भारतीय स्टोअरवरून डिजिटल ब्लडबोर्न घ्यायचं. कालचं डीएलसी लगेच चालेल. तोटा मोठा आहे: सेव्ह फाइलसुद्धा कोडला बांधलेली असते. ००९०० चं सेव्ह ००२०७ मध्ये दिसणार नाही, पहिल्यापासून खेळावं लागेल.

दुसरी, गेम ऑफ द इयर आवृत्तीची युरोपियन डिस्क, कोड ०३१७३. डीएलसी डिस्कवरच आहे. पण हा कोड तिसराच, म्हणजे सेव्हही जाईल आणि कालचे पैसेही वाया. तुमच्यासाठी ही वाट नको. ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही त्यांनी मात्र हीच घ्यावी.

तिसरी, अमेरिकन अकाउंट काढून तिथून 'द ओल्ड हंटर्स' पुन्हा घ्यायचं. सेव्ह जसंच्या तसं राहील.

गनिमीकावा:
तिसऱ्या वाटेच्या पायऱ्या लिहितो, कारण त्यात नेहमी एकाच ठिकाणी गडबड होते.

पीएस५ वर नवा यूजर करा, वेगळ्या ईमेलने नवं पीएसएन अकाउंट काढा, देश युनायटेड स्टेट्स निवडा. अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही, तेव्हा तिथे घाई करू नका. सोनीच्या अटींप्रमाणे अकाउंटवरची माहिती खरी असायला हवी. दुसऱ्या देशाचं अकाउंट त्यात बसत नाही, ही जोखीम समजूनच हे करा. भारतीय कार्ड तिथे चालत नाही, अमेरिकन स्टोअरचंच गिफ्ट कार्ड लागतं. डीएलसीची मूळ किंमत १९.९९ डॉलर, वर त्या त्या राज्याचा कर, म्हणून २० चं कार्ड बऱ्याचदा कमी पडतं. वॉलेटमधले पैसे दुसऱ्या अकाउंटला हलवता येत नाहीत, म्हणून लागतील तेवढेच टाका. सेलमध्ये किंमत खाली येते, थांबायची तयारी असेल तर थांबा.

विकत घेतल्यावर त्याच अमेरिकन यूजरमधून डाउनलोड करा. मग सेटिंग्ज, यूजर्स अँड अकाउंट्स, अदर, कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले, आणि तिथे एनेबल. गडबड होते ती इथे. हे चालू केलं नाही तर डीएलसी फक्त अमेरिकन यूजरला दिसतं आणि तुमचं सेव्ह असलेल्या यूजरला कुलूप दिसतं. एका पीएस५ वर अनेक अकाउंटांचं शेअरिंग चालू ठेवता येतं, पण एका अकाउंटचं शेअरिंग एकाच पीएस५ वर चालतं. पीएस४ असेल तर अकाउंट मॅनेजमेंटमध्ये 'अॅक्टिव्हेट अॅज युअर प्रायमरी पीएस४'.

जुनं, युरोपचं डीएलसी आधी काढून टाका. त्याने बिघडत काही नाही, पण स्टोरेजच्या यादीत दोन सारखी नावं दिसली की डोकं फिरतं.

वाडासंस्कृती:
माझं मत वेगळं आहे. अमेलियापर्यंतच आला असाल तर पहिली वाट धरा. गेमचा जेमतेम तिसरा भाग झाला आहे, आणि दुसऱ्यांदा खेळताना यारनामचे रस्ते, शॉर्टकट आणि कंदील पाठ असल्याने तेवढंच अंतर निम्म्या वेळात कापलं जातं. डिस्क आणि अकाउंट एकाच रीजनचं असलं की पुढे कधी विचार करावा लागत नाही. दुसरं अकाउंट म्हणजे दुसरा पासवर्ड, दुसरं टू-स्टेप व्हेरिफिकेशन, आणि कन्सोल बदलला की पुन्हा शेअरिंग.

डीएलसी चालू झाल्यावर पुढचं: हंटर्स ड्रीममध्ये मेसेंजरकडून 'आय ऑफ अ ब्लड-ड्रंक हंटर' मिळेल. ते फक्त जवळ असायला हवं, वापरायचं नाही. मग कॅथीड्रल वॉर्डच्या दिव्यापाशी या, म्हणजे ओडॉन चॅपलमध्ये. डावीकडच्या दारातून बाहेर पडा. बाहेर भिंतीला अॅमिग्डला नावाची अजस्र राक्षसीण लटकलेली असते. इनसाइट (गेममधला एक आकडा) ४० च्या खाली असेल तर ती दिसत नाही, पण असते. तिच्या हाताच्या टप्प्यात गेलात की ती उचलते. लोक मरण समजून घाबरून पळतात, पळू नका. डोळे उघडतात ते हंटर्स नाइटमेअरमध्ये.

आणि अमेलियानंतर लगेच आत जाऊ नका. लेव्हल ६५ च्या आसपास असू द्या. नाहीतर पहिला बॉस लुडविग तासन्‌तास अडवून ठेवेल. नाइटमेअरमधले शिकारी तुमच्यासारखेच डॉज करतात (वार चुकवतात) आणि बंदुकीने पॅरी करतात (वार मोडतात), साध्या शत्रूंची सवय तिथे कामाची नाही.

रात्रपाळी:
दोन्हीत पैसे जाणारच आहेत म्हणून विचारतो. हे डीएलसी तेवढ्या किमतीचं आहे का? की एकूणच डीएलसी टाळावीत?

कोकणकडा:
'द ओल्ड हंटर्स' टाळू नका. तीन मोठे भाग, पाच बॉस, आणि मूळ गेममध्ये नुसती कुजबुज ऐकू येते त्या बर्गेनवर्थच्या पापाचा उलगडा. फिशिंग हॅम्लेटमधला तो पाऊस आणि शिंपल्यांनी भरलेली घरं पाहिली की मूळ गेम अर्धवटच खेळला होता असं वाटतं. डीएलसी असं असावं. 'विचर ३' चं 'ब्लड अँड वाइन' याच पंगतीतलं.

२००६ च्या एप्रिलमध्ये 'ऑब्लिव्हियन'साठी घोड्याचं चिलखत २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंटांना, म्हणजे अडीच डॉलरला विकलं गेलं, तेव्हाच डीएलसीची दुसरी, टाळण्यासारखी तऱ्हा सुरू झाली. कपडे, रंग, शस्त्रांचे स्किन, गेम यायच्या आधीच विकले जाणारे सीझन पास. यावर एक रुपया घालवू नये असं माझं ठाम मत आहे. सीझन पासमध्ये काय येणार हे विकणाऱ्यालाच अजून पुरतं ठरवायचं असतं. वर्षभर थांबलं तर बहुतेक मोठ्या गेमची सगळी डीएलसी धरून एक आवृत्ती निघते.

ती घेताना खोक्याची मागची बाजू वाचा. काही 'कम्प्लीट' आवृत्त्यांत डीएलसी डिस्कवर नसून एकदाच वापरता येणाऱ्या कोडच्या चिठ्ठीवर असतं. सेकंडहँड घेतलात तर चिठ्ठी वापरलेली असणार. आणि दुकानं बंद होतात: वी यू आणि थ्रीडीएसचं ईशॉप २७ मार्च २०२३ ला, एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला. तिथलं जे डीएलसी डिस्कवर किंवा दुसऱ्या कन्सोलवर आलं नाही, ते नव्या माणसाला आता विकत मिळत नाही. म्हणून डिस्कवरचं डीएलसी केव्हाही श्रेष्ठ.

टोपणनाव_९:
धाग्यात घुसतो, माफी. 'एल्डन रिंग' या गेमचं 'शॅडो ऑफ द एर्डट्री' हे डीएलसी घेतलंय, डिस्क आणि स्टोअरचा कोड जुळतो, तरी दिसत नाही.

वाडासंस्कृती:
कोड जुळत असेल तर दारच उघडलेलं नाही. राडान आणि मोग, हे दोन्ही बॉस मेलेले हवेत. मग मोगच्याच आखाड्यातल्या कोषातून लोंबणाऱ्या वाळक्या हाताला स्पर्श करायचा. तिथे लेडा हे पात्र उभं दिसलं की समजा झालं. न्यू गेम प्लसमध्ये (गेम संपवून सुरू केलेल्या नव्या फेरीत) गेला असाल तर दोघांनाही पुन्हा मारावं लागतं, त्यामुळे डीएलसी खेळायचं असेल तर शेवटानंतर नवी फेरी लगेच सुरू करू नका.

मोगकडे लवकर जायचं असेल तर व्हारे या पात्राचं काम घ्या. रोझ चर्चला तो तीन जणांवर इन्व्हेजन (ऑनलाइन दुसऱ्या खेळाडूच्या गेममध्ये घुसून हल्ला) करायला सांगतो. पीएस प्लस (ऑनलाइन खेळण्याची वर्गणी) नसेल तर अडून बसू नका. १.०६ पॅचपासून ऑल्टसमधल्या राइथब्लड रुइन्सला लाल खूण असते, तिथे मॅग्नसला मारलं तरी चालतं. आत गेल्यावर नेहमीच्या लेव्हलपेक्षा स्कॅडूट्री फ्रॅगमेंट (डीएलसीत ताकद वाढवणारे तुकडे) जास्त उपयोगी पडतात. एकूण ५० आहेत आणि त्यांनी वाढणारा आशीर्वाद २० पर्यंत चढतो. पहिल्या दोन-तीन बॉसकडून एका फटक्यात मरत असाल तर लेव्हल वाढवू नका, नकाशावरचे क्रॉस शोधा.

रात्रपाळी:
ठरलं, पहिली वाट. ००२०७ ची डिस्क शोधतोय. विक्रेत्याकडून डिस्कवरच्या नंबरचा फोटो मागवला आहे, खोक्याचा नाही.