अनुभव धागा: बाळंतिणीला आधार आणि बाळाचं पहिलं पुस्तक

धागाकर्ती, गंगापूर रोड

ज्यांच्या घरी अलीकडे बाळ आलंय त्यांनी, आणि ज्यांनी कुणाचं बाळंतपण काढलंय त्यांनीही इथे लिहावं, अशी विनंती. पहिल्या काही महिन्यांत आईला खरा आधार कशाचा झाला? आणि बाळाच्या हातात पुस्तक कधी आणि कसं आलं?

दोन्ही प्रश्न एकत्र विचारतेय, कारण मला ते एकच वाटतात. बाळंतिणीच्या खाण्याची आपल्याकडे चोख व्यवस्था असते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, शेकशेगडी, काही राहत नाही. पण तिची झोप झाली का, हे विचारणारं माणूस क्वचित भेटतं. जिचे डोळे मिटत चाललेत तिला "बाळाला वाचून दाखव" म्हणणं म्हणजे तिच्या कामात आणखी एक भर. आधी तिला सावरा, मग पुस्तकाचं बोलू.

"एवढ्याशा जिवाला काय वाचून दाखवायचं?" हा प्रश्न येणारच. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचं बरं दिसतं. दूध पिताना आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. तिचा आवाज तर त्याने पोटात असल्यापासून ऐकलेला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये जन्मापासूनच मोठ्याने वाचून दाखवायची शिफारस केली. अर्थ नंतर कळेल. आवाज आणि लय पहिल्या दिवसापासून पोचतात.

नवी आई, इंदिरानगर

माझं सिझेरियन झालं होतं. कुशीवर वळतानाही टाके ओढायचे. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "रात्री तू फक्त पाज. पुढचं माझ्याकडे." ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं, सगळं त्यांनी घेतलं. भेटायला येणाऱ्यांना त्या बाहेरच्या खोलीत चहा द्यायच्या आणि "ती झोपलीय" म्हणून हसतमुखाने परत पाठवायच्या. त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

सकाळी त्या लेकीला मांडीवर घेऊन गॅलरीत देशदूत वाचत बसायच्या. मोठ्याने वाचायची त्यांची जुनी सवय. आधी मथळे, मग लासलगावचे कांद्याचे भाव, कारण माहेर निफाडचं. लेक त्यांच्या ओठांकडे टक लावून बघायची. मी एकदा विचारलं, तिला यातलं काय कळणार? त्या म्हणाल्या, "तिला माझा आवाज हवा, मला पेपर हवा. दोघींचं भागतंय." पुढे जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक आणलं, तेही आधी आजीकडेच गेलं. आता लेक रांगत जाऊन ते ओढून आणते आणि आजीच्या गुडघ्यावर आपटते. वाचल्याशिवाय सुटका नाही.

एक बाबा, सातपूर

मी सेकंड शिफ्टला असतो. घरी येईपर्यंत मध्यरात्र होते आणि लगेच झोप येत नाही. मग ठरवलं की पहाटेच्या पाजण्यापर्यंत बाळ माझं. बायकोला सलग झोप मिळायला लागल्यावर तिचा चेहराच बदलला. नव्या बाबांना सांगतो, "काही लागलं तर सांग" म्हणू नका. तिने सांगायची वाट बघणं हेही तिच्यावर कामच. लंगोट वाळत घाला, पाण्याचा तांब्या भरून उशाशी ठेवा.

वाचनाचं श्रेय मात्र मोठ्या लेकीचं. ती पहिलीत आहे. भाऊ आल्यावर ती गप्प गप्प झाली होती. तिच्या आईने तिला बालभारतीचं पुस्तक दिलं आणि म्हणाली, "त्याला तुझ्या कविता माहीत नाहीत, तू शिकव." आता ती रोज संध्याकाळी हातवारे करत त्याला कविता म्हणून दाखवते, आणि तो पाय झाडतो.

आशाताई, पेठ तालुका

बाळंतपण दवाखान्यात झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आमची घरी भेट असते. बाळाचं वजन, ताप, नाळ, आईचं अंगावरचं जाणं, दूध, हे सगळं बघतो. पण मी आधी आईजवळ बसते. घरची माणसं बाळाभोवती असतात, आई कोपऱ्यात. "तू जेवलीस का? झोपलीस का?" एवढं विचारलं तरी कितीदा तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

आमच्याकडच्या पुष्कळ घरांत छापील वस्तू म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड तेवढं. त्यावर चित्रं असतात, बाळ हसतंय, मान धरतंय, बसतंय. मी आईला सांगते, हेच बाळासमोर धर आणि बोल, "बघ, हे बाळ बसलं, तू कधी बसणार?" बाळ चित्राकडे बघतं, आई हसते. मला त्या घरातलं पहिलं वाचन तेच वाटतं. कुणाकडे चांगल्या स्थितीतली चित्रांची पुस्तकं असतील तर अंगणवाडीत जरूर द्या.

नाशिक रोड, नाव नको

पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही. बाळ रडलं की मला हलावंसंच वाटेना. जवळची माणसं म्हणायची, "सगळ्यांनाच होतं, मन रमव." कुणीतरी प्रेमाने पुस्तकं आणून दिली, ती बघूनही रडू यायचं.

बहिणीने मला हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. दूध पाजताना चालणारी औषधं मिळाली, बोलायला माणूस मिळालं. हळूहळू धुकं निवळावं तसं झालं. पुस्तक मी त्यानंतर उघडलं. म्हणून कळवळून सांगते, अशा आईला वाचनाचा सल्ला देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी लावून दिला तरी चालतो.

सटाण्याची आजी (नात लिहून घेतेय)

मला लिहितावाचता येत नाही. मुलगी म्हणाली, "आई, चित्रं तर दिसतात ना?" मग नातवाला मांडीवर घेऊन बसते. बैलाचं चित्र आलं की बोट ठेवते, "हाई काय शे?" आणि आमच्या बैलजोडीची गोष्ट सांगते. रोज निराळी. पुस्तकात काय लिहिलंय ते त्याची आई रात्री सांगते. लेकरू दोन्ही ऐकतं.

अंबड, नोकरी करणारी आई

कायद्याने २६ आठवडे रजा मिळते, २०१७च्या दुरुस्तीपासून. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. आमचं युनिट लहान, त्यामुळे तो आधार नाही. घरी पोचल्यावर स्वयंपाक नवरा बघतो आणि मी मुलाला घेऊन पुस्तक उघडते. तेच पुस्तक, रोज. मला कंटाळा येतो, त्याला येत नाही. पान उलटायच्या आधीच पुढचं चित्र कुठलं हे त्याला ठाऊक असतं, आणि तो आनंद बघण्यासारखा असतो.

धागाकर्ती, गंगापूर रोड

पुस्तकं कुठून आणायची हे काहींनी विचारलंय. नॅशनल बुक ट्रस्टची आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मराठीत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, फक्त मोबाइल बाळाच्या हातात न देता गोष्ट आपण वाचून सांगावी. आपल्या नाशिकमध्ये टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. आई बाहेर पडू शकत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी सभासद होऊन पुस्तकं आणावीत.

आणि घरचा उपाय: जुन्या जाड लग्नपत्रिकांवर मोठी, ठळक चित्रं चिकटवा, कडेने दोऱ्याने शिवा. पिना नकोत, बाळ चावणारच. चावलं तर चावू दे, त्याचं पुस्तक आहे. आमच्या शेजारची बाळंतीण पुढच्या आठवड्यात घरी येतेय. तिच्यासाठी असं एक शिवून झालंय, आणि रात्रीचा डबा कुणी कुठल्या वारी द्यायचा हे मजल्यावरच्या बायकांनी वाटूनही घेतलंय.