चार्जर लावला की व्हीएचएफवर खरखर

हर्णे_बंदर: बोटीची बॅटरी २४ व्होल्ट. केबिनमध्ये मोबाईलचा यूएसबी चार्जर लावला की बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ ला, म्हणजे मदतीच्या हाकेच्या चॅनलला, सतत खरखर. स्क्वेल्च (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं बटण) चढवला तर आवाज जातो, पण लांबच्या बोटीही ऐकू येत नाहीत. नुसता चार्जर खोचला, वायर नाही लावली, तर त्रास बराच कमी. मग दोष चार्जरचा की वायरीचा?

खरखर_शोधक: दोघांचा. २४ चे ५ व्होल्ट करताना चार्जरमधला स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि त्याची पिलावळ पार व्हीएचएफपर्यंत पोचते. स्वस्त चार्जरमध्ये फिल्टर नसतोच. आता वायर बघा. चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी १.९१ मीटर, तिची निम्मी ९६ सेंटिमीटर. तुमची वायर असणार १ मीटरची. म्हणजे केबिनमध्ये दुसरी ॲन्टेनाच टांगलीय!

क्लिपचा फेराइट घ्या, म्हणजे वायरीवर मिटून बसणारा, खरखर अडवणारा चुंबकीय गोळा, ३१ किंवा ४३ नंबरच्या मिश्रणाचा. एक यूएसबी वायरीवर, चार्जरला अगदी चिकटून. मोबाईलच्या टोकाला लावून फारसा उपयोग नाही. दुसरा सप्लायच्या वायरीवर. प्लस-मायनस दोन्ही एकाच फेराइटमधून न्या. एकटी प्लस घातली तर डीसी करंटने तो सॅच्युरेट होतो, म्हणजे खरखर अडवायची ताकद संपते, आणि नुसतं वजन उरतं.

आणि स्क्वेल्चने खरखर कमी होत नाही, फक्त झाकली जाते. मदतीची क्षीण हाकही तिच्याबरोबर झाकली जाते.

मिडियमवेव्हवाला: एक भर. फेराइटवर वायरीचे सात-आठ वेढे मारू नका. मिडियमवेव्हवर, म्हणजे खूप खालच्या फ्रिक्वेन्सीवर, आकाशवाणी ऐकताना तो उपाय चालतो. १५६ मेगाहर्ट्झला शेजारच्या वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समधून खरखर उडी मारून पुढे जाते. एक-दोन वेढे पुरे. क्लिप पूर्ण मिटली पाहिजे, कागदाएवढी फट राहिली तरी असर घटतो. वरून सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळा, खारी हवा आहे.

हर्णे_बंदर: ॲन्टेनाची केबल आणि चार्जरचा सप्लाय एकाच पाइपातून गेलाय.

खरखर_शोधक: मग आधी ते वेगळं करा, निदान फूटभर अंतर ठेवून. एक वायर दुसरीवरून न्यावीच लागली तर काटकोनात. ॲन्टेना केबलच्या टोकाचा कनेक्टर (पीएल-२५९) उघडून केबलची तांब्याची जाळी बघा. हिरवी पडली असेल तर बाहेरची खरखर अडवणारं शिल्डच गेलं. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर, आतपर्यंत हिरवं असेल तर केबलच नवी. शेवटी चार्जर काढून केबिनचे एलईडी दिवे एकेक लावून ऐका, स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवून. त्यांचे ड्रायव्हरही (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) चार्जरच्याच जातीचे.