मेनफ्रेमवर स्क्रिप्टिंगसाठी आधी काय शिकावं: रेक्स की पायथन?

बॅचवाला
कोबोल ही भाषा आणि जॉब चालवायच्या सूचना लिहायची जेसीएल येणारी नवी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: झेड/ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, काम करायचं असेल तर आधी रेक्स ही स्क्रिप्टिंगची भाषा. माइक काउलिशॉ यांनी आयबीएममध्ये 1979 साली ती तयार करायला घेतली, म्हणून जुनाट म्हणत नाकं मुरडली जातात. पण ती टीएसओसोबतच, म्हणजे मेनफ्रेमवर कमांड द्यायच्या सोयीसोबतच, येते. सिसएक्झेकला, म्हणजे रेक्स प्रोग्रॅम जिथे शोधले जातात त्या नावाला, जोडलेल्या लायब्ररीत मेंबर (लायब्ररीतली एक फाइल) सेव्ह केला की झालं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

खरी ताकद आयएसपीएफ या मेनफ्रेमवरच्या एडिटरच्या एडिट मॅक्रोमध्ये, म्हणजे एडिटरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आहे. समजा ढीगभर जेसीएल मेंबरांत एका डेटासेटचं (मेनफ्रेमवरच्या फाइलचं) नाव बदलायचंय, पण फक्त सॉर्टच्या स्टेपमध्ये (जॉबच्या टप्प्यात). नुसतं 'चेंज ऑल' दिलं तर नको तिथेही बदल होणार. मॅक्रो मात्र एकेक ओळ वाचतो, आपण कुठल्या स्टेपमध्ये आहोत ते लक्षात ठेवतो आणि तेवढ्याच ओळीला हात लावतो. पायथनमध्ये हे एडिटरच्या आत बसून करता येत नाही.

युनिक्सबाजू
असहमत. एडिट मॅक्रोबद्दल वाद नाही, पण आज काम एडिटरपुरतं राहिलंय का? सोर्स गिटमध्ये असतो, जॉबचा निकाल बाहेरच्या सर्व्हरला जेसॉनमध्ये द्यायचा असतो. आयबीएमचं पायथन झेड/ओएसवर चालतं आणि झेडओएयू या आयबीएमच्या साधनसंचामुळे डेटासेट वाचणं, जॉब सबमिट करणं सरळ पायथनमधून जमतं.

शिवाय रेक्समध्ये किंमत न दिलेल्या व्हेरिएबलमध्ये त्याचं स्वतःचंच नाव असतं, तेही कॅपिटलमध्ये. स्पेलिंग चुकलं तरी प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही, रिपोर्टमध्ये खातेक्रमांकाच्या जागी व्हेरिएबलचं नाव छापून मोकळा होतो. पायथन तिथल्या तिथे थांबतो. प्रॉडक्शनच्या कामात मला हा फरक फार मोठा वाटतो.

बॅचवाला
त्यावर उपाय भाषेतच आहे: सुरुवातीलाच 'सिग्नल ऑन नोव्हॅल्यू' (किंमत न दिलेलं व्हेरिएबल पकडणारी सूचना) लिहायचं. ही ओळ नसलेला एक्झेक (रेक्स प्रोग्रॅम) मी रिव्ह्यूत पास करत नाही. आणि रेक्समधून जेसॉन, एचटीटीपी दोन्ही जमतात, झेड/ओएसचं वेब एनेबलमेंट टूलकिट त्यासाठीच आहे.

युनिक्सबाजू
जमतं, पण प्रत्येक किंमत शोधायला टूलकिटच्या रूटीनला कॉल करायचा, हँडल सांभाळायचं, रिटर्न कोड तपासायचा. पायथनमध्ये हेच काम दोन-तीन ओळींचं. तुमच्यानंतर हा कोड सांभाळणाऱ्याचाही विचार करा.

कॉम्पतीन
दोघांनीही डेटाला हात घातला नाही, म्हणून लिहितो. मेनफ्रेमच्या फाइलमध्ये पॅक्ड फील्ड असतात, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक आणि शेवटी चिन्ह. कोबोलमधलं एस9(7)व्ही99 कॉम्प-3, म्हणजे चिन्हासह सात अंक आणि दोन दशांश, पाच बाइट घेतं. रेक्समध्ये त्यावर सी2एक्स (बाइट हेक्समध्ये दाखवणारं फंक्शन) चालवलं की समजा 001234567सी दिसतं: रक्कम 12345.67, आणि शेवटचा सी म्हणजे धन. तिथे डी असता तर ऋण. सबस्ट्रिंग काढा, चिन्ह पाहा, शंभरानं भागा, संपलं. पायथनमध्येही जमतं, पण बरेच जण आख्खा रेकॉर्ड टेक्स्ट समजून एब्सिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतातून बदलून घेतात आणि पॅक्ड बाइट्सचा चुराडा होतो. फाइल बायनरी वाचायची आणि फक्त अक्षरांची फील्ड बदलायची, एवढं पाळलं तर पायथनला माझी हरकत नाही.

रेक्सवाल्यांनीही एक सांभाळावं. डिफॉल्ट अचूकता नऊ अंकांची असते. बेरीज त्यापुढे गेली की 12345678912 ऐवजी 1.23456789ई+10 मिळतं, शेवटचे अंक गेलेच. पैशांच्या हिशोबात 'न्यूमेरिक डिजिट्स 31' आधी लिहा.

नवीन_प्रोग्रॅमर
मला रोज रात्रीच्या फाइलमधल्या रकमेची बेरीज कंट्रोल टोटलशी (अपेक्षित बेरजेशी) ताडायची आहे. रेकॉर्ड लाखांत आहेत. मग रेक्सच घेऊ का?

बॅचवाला
रेक्सचा मी कितीही पुरस्कर्ता असलो तरी बेरजेसाठी नको. एक्झेकआयओ या फाइल वाचायच्या कमांडनं सगळी फाइल एका स्टेममध्ये (रेक्सच्या यादीत) ओतली तर रीजन (जॉबला मिळालेली मेमरी) अपुरं पडेल, तुकड्यांनी वाचली तरी वेळ जाईल. बेरीज डीएफसॉर्ट या आयबीएमच्या सॉर्ट प्रोग्रॅमला करू द्या, त्याला पॅक्ड फॉरमॅट थेट कळतो. त्याची एका ओळीची आउटपुट फाइल रेक्समध्ये वाचा, 'न्यूमेरिक डिजिट्स' वाढवून टोटलशी ताडा आणि फरक असेल तर 'एक्झिट 8' द्या. पुढच्या स्टेपवर कॉन्ड (आधीच्या स्टेपचा रिटर्न कोड तपासणारी जेसीएलची अट) लावलं की जॉब तिथेच अडेल.

युनिक्सबाजू
या कामाला मीही हेच केलं असतं. फक्त फरक आला की लोकांना कळवायचा संदेश पायथनमधून पाठवला असता.