मदत हवी आहे : मुलाचे लसीकरण करावे की नाही, यावर घरात एकमत होत नाही

पाऊलवाट
नमस्कार. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि तोपर्यंत घरात एकमत होण्याची चिन्हे नाहीत, म्हणून येथे विचारतो आहे. मुलाला लस द्यावी असे मला वाटते; पत्नीचा ठाम नकार आहे. ज्या रोगाचा एकही रुग्ण आपण पाहिलेला नाही, त्यासाठी धडधाकट मुलाला सुई का टोचायची, असे ती विचारते आणि मला त्याचे नीट उत्तर देता येत नाही. ‘लस चांगली असते’ एवढेच सांगणारे प्रतिसाद कृपया नकोत.

गंधार
मुलाचे वय किती? कोणती लस? यापूर्वी काही डोस झाले आहेत का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_वाचक
रुग्ण दिसत नाहीत, कारण लसीकरण झालेले आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदूला इजा होते अशी भीती पसरली, लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरले आणि पाठोपाठ खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर तेथे लसीकरणाची घडी विस्कटली, तेव्हा जवळजवळ विस्मरणात गेलेला घटसर्प दीड लाखांहून अधिक लोकांना झाला. देवीचे उदाहरण मात्र वेगळे आहे. तो रोगच जगातून गेल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले, म्हणून त्याची लस थांबवता आली. गोवर किंवा घटसर्प असा गेलेला नाही.

अवलिया
आमच्या पिढीत गोवर सगळ्यांना येत असे आणि आठवड्याभरात जात असे. रोगातून मिळालेली प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. लसीची टिकेलच असे नाही. मुलाला निसर्गावर सोडण्यात गैर काय, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

शेवंती
गोवरातून जी मुले उठली नाहीत, ती आज आठवणी सांगायला येथे नाहीत, एवढे तरी लक्षात घ्या. जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते हे खरे, पण तिची किंमत पाहा. गोवराचा विषाणू शरीराने इतर रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिपिंडेही नष्ट करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मुलांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गेल्याचे आढळले. धनुर्वाताच्या बाबतीत तर तुमचा युक्तिवाद उभाच राहत नाही, कारण तो होऊन बरा झालेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. शिवाय त्याचे जंतू मातीत असतात, त्यामुळे शेजारच्या सर्व मुलांनी लस घेतली तरी आपल्या मुलाला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

पाऊलवाट
वयाचा काय संबंध, ते कळले नाही, पण मुलगा अकरा महिन्यांचा आहे. त्रिगुणी लसीचे (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची एकत्रित लस) दोन डोस झाले होते. दुसऱ्या डोसनंतर त्याला खूप ताप आला, तो अर्धा दिवस सलग रडत होता आणि त्यानंतर आम्ही सगळेच थांबवले.

गंधार
ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती. तुमच्या पत्नीचा प्रश्न रोग दिसतो की नाही हा नसून, त्या दिवशी जे झाले ते पुन्हा होईल का, हा असावा. ताप येणे आणि टोचल्या जागी सूज येणे हे नेहमीचे आहे. लसीनंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल किंवा आठवड्याच्या आत मेंदूला इजा झाल्याची लक्षणे दिसली असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. झटका आला होता का? ताप नेमका किती होता? तीन तासांहून अधिक काळ न थांबता रडणे हेही डॉक्टरांना सांगावे लागते. डांग्या खोकल्याच्या लसीचा एक प्रकार असा आहे की त्याने ताप कमी येतो, मात्र त्याचा प्रभावही लवकर ओसरतो. त्यांतून निवड डॉक्टरच करतील. आणि लसीकरण मध्ये थांबले म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिले तेथून पुढे जाता येते.

दुधावरची_साय
सुई टोचताना बाळाला अंगावर पाजत राहिले की वेदना कमी होतात. आणि मोठ्यांनीही धनुर्वाताचा पूरक डोस दर दहा वर्षांनी घ्यावा, हे सहसा कोणी सांगत नाही.

पाऊलवाट
आभार, पण मी हे विचारले नव्हते.

अवलिया
आणि गोवराच्या लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते म्हणतात, त्याचे काय?

शेवंती
तो दावा १९९८ मधल्या अवघ्या १२ मुलांवरच्या लेखातून पसरला आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली, तीत काहीही संबंध आढळला नाही.

गंधार
पाऊलवाट, घरात आणखी कोण कोण आहे?

पाऊलवाट
आई, भाऊ, वहिनी आणि पुतणी. पुतणीवर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत, पण प्रश्न माझ्या मुलाचा आहे.

जुना_वाचक
मग थांबा! गोवराची लस जिवंत विषाणूची असते, घरात अशी मुलगी असताना ती मुळीच देऊ नका.

शेवंती
हे चुकीचे आहे. ती लस पुतणीला देता येणार नाही, पण तिच्याभोवतीच्या सर्वांनी ती घ्यायलाच हवी. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू हवेत राहू शकतात. त्या मुलीचे रक्षण करायला आजूबाजूच्यांच्या प्रतिकारशक्तीसारखा दुसरा मोठा आधार नाही. तुमची भीती तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओच्या थेंबांबद्दल खरी आहे, कारण त्यांतील विषाणू बाळाच्या शौचावाटे बाहेर पडतो. अशा घरात टोचायची पोलिओ लसच देतात, म्हणून हे डॉक्टरांना आधी सांगावे.

जुना_वाचक
मान्य. माझी या दोन लसींत गल्लत झाली.

पाऊलवाट
लसीकरण कार्ड सापडले. त्यामागे पत्नीनेच त्या दिवशी लिहून ठेवले आहे की ताप १०१ होता, रडणे दीड तास चालले आणि झटका आला नाही. आम्हा दोघांच्याही आठवणीत त्याचा अर्धा दिवस झाला होता. पुतणीबद्दलचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला आणि मग वहिनीशी बोलायला आत गेली. शुक्रवारची वेळ रद्द केलेली नाही. कार्ड आणि पुतणीच्या उपचारांचे कागद बरोबर नेतो आहोत.