मदत हवी आहे: बीएमडब्ल्यू ३२०डी बघून ठेवलीय, उद्या टोकन द्यायचंय, काय तपासू?

मांजराकाठ (लातूर)
जुनी ३२०डी बघितलीय. पांढरी, आतून टकाटक. डीलर उद्या संध्याकाळपर्यंत टोकन मागायलाय, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणायलाय. चालवून बघितली, पिकअप लई भारी आहे. घेऊ का नको आणि काय तपासू, एवढंच सांगा. व्हिडिओ बघून झालेत, लिंका देऊ नका. घाई आहे.

बोल्टनट
साल कोणतं, किलोमीटर किती? ३२०डी या एका नावाखाली आपल्याकडे तीन प्रकारच्या गाड्या फिरतात. २०१२ ते २०१५ ची एफ३० बॉडी, तिच्यात एन४७ इंजिन, १८४ हॉर्सपॉवर, ३८० न्यूटन मीटर. २०१६ च्या फेसलिफ्टपासून बॉडी तीच पण इंजिन बी४७, १९० आणि ४००. ऑगस्ट २०१९ नंतरची जी२०, इंजिनाचं नाव बी४७ च पण बाकी अख्खी गाडी नवी, व्हीलबेस २८१० वरून २८५१ मिलिमीटर झालेला. तिघींची दुखणी वेगळी आहेत. कोणती ते कळल्याशिवाय काय सांगणार?

हिशेबी
आणि पासिंग कुठलं? किंमतही लिहिलेली नाही.

शेंद्रा_रोड
माझं ऐकाल तर ऑडी ए४ बघा. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी होते तिची. ३५ टीडीआय घ्या, तिलाही १९० हॉर्सपॉवर आहे. घरची गाडी सोडून लांबची कशाला?

बोल्टनट
@शेंद्रा_रोड, जुळणी शेंद्र्यात झाली म्हणून पार्ट शेंद्र्याच्या भावात मिळत नाहीत. बीएमडब्ल्यूची जुळणी चेन्नईला होते, मर्सिडीजची चाकणला. तिन्हींचं मोठं सामान बाहेरूनच येतं. आणि ३५ टीडीआय पुढच्या चाकांवर चालते, गिअरबॉक्स ७ स्पीड ड्युअल क्लच. ३२०डी मागच्या चाकांवर, ८ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर. चालवायला दोन्ही गाड्या पार वेगळ्या. त्यांनी विचारलंय एका गाडीबद्दल.

मांजराकाठ
२०१६, लक्झरी लाईन, ६८ हजार फिरलेली, सेकंड ओनर. साडेअकरा लाख सांगतोय, अकरापर्यंत येईल. पासिंगचा काय संबंध? पेपर क्लिअर आहेत म्हणाला.

गरम_इंजिन
२०१६ म्हणजे बी४७. ते आधी खात्रीने बघा, कारण २०१५ ला बनलेली आणि २०१६ ला पासिंग झालेली गाडी एन४७ असू शकते. आरसीवर उत्पादनाचा महिना असतो. इंजिन नंबरची सुरुवातही बघा, एन४७ की बी४७ ते तिथेच कळतं.

बघायला सकाळी जा आणि डीलरला सांगून ठेवा की इंजिन आधी चालू करू नको. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या, संध्याकाळी थंड झाल्यावर जा. टायमिंग चेनचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आवाज थंड स्टार्टलाच ऐकू येतो, पहिली काही सेकंदं. या इंजिनांत चेन पुढे पुलीच्या बाजूला नसून मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणून कान बॉनेटच्या पुढच्या टोकाशी लावू नका, काचेच्या बाजूला उभे राहा. सायकलची चेन कव्हरला घासल्यासारखा आवाज आला, किंवा १५०० ते २००० आरपीएमला खरखर आली, तर गाडी सोडा. चेनपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, खर्चातला मोठा वाटा मजुरीचाच असतो.

जालना_बायपास
म्हणूनच सांगतो, डिझेल बीएमडब्ल्यू घेऊच नये. चेन तुटली की इंजिन भंगारात. पेट्रोल ३२८आय घ्या.

गरम_इंजिन
@जालना_बायपास, ३२८आय मधल्या एन२० इंजिनाच्या चेनचे प्लास्टिक गाईड ठिसूळ होऊन तुटायचे. २०१५ च्या आधीच्या गाड्यांत ही तक्रार जगभर आहे. आगीतून फुफाट्यात जायला कशाला सांगता? डिझेलमध्ये चेनची सगळ्यात वाईट वर्षं २००७ ते २०११ ची, म्हणजे एफ३० च्याही आधीची. त्यानंतर चेन सुधारली. नंतरच्या गाड्यांत चेन ढिली पडण्याचं मोठं कारण जुनं तेल. ताणणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, तेलात काजळी साठली की तो आणि गाईड दोन्ही झिजतात. गाडीचा मीटर तेल बदलायला पुष्कळ उशिरा सांगतो. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा, लाँगलाईफ-०४ मान्यतेचं तेल घाला. आधीच्या मालकाने ते घातलं होतं का, हे सर्व्हिसच्या बिलावरून कळेल.

जालना_बायपास
बिलं खोटी बनवता येतात.

गरम_इंजिन
येतात, म्हणून कागदावर थांबू नका. व्हीआयएनचे, म्हणजे चेसी नंबरचे, शेवटचे सात अंक लिहून घ्या आणि अधिकृत वर्कशॉपात द्या. अधिकृत ठिकाणी झालेल्या सर्व्हिसची नोंद आणि तेव्हाचे किलोमीटर त्यावर निघतात. २०२१ ला ७४ हजार आणि आज ६८ हजार, असं निघालं तर विषय संपला. दुसरी खूण अशी की किलोमीटर फक्त मीटरमध्ये साठत नाहीत, किल्लीत आणि बॉडी कंट्रोल युनिटमध्येही साठतात. मीटर मागे फिरवणारे बहुतेक वेळा बाकीचं तसंच सोडतात. चांगल्या स्कॅनरने तिन्ही वाचा.

हिशेबी
मांजराकाठ, पासिंग अजून सांगितलं नाही तुम्ही. एमएच आहे का?

नंबरवाला
घेणार असाल तर एमएच २४ चा चॉईस नंबर आधीच बघून ठेवा, नवीन सिरीज उघडली की चांगले नंबर पटकन जातात.

मांजराकाठ
डीएल आहे. गाडी पुण्यात उभी आहे. एनओसी मिळून जाईल म्हणायलाय. चेनचं समजलं, धन्यवाद. आता उद्या टोकन देऊ का?

हिशेबी
मालक, उद्या टोकन देऊ नका. सगळ्यात आधी लिहायची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली.

दिल्ली एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला ती उचलून धरली, २०२५ ला त्याच न्यायालयाने तुमच्यासारख्या गाड्यांवरची कारवाई थांबवली. त्या बंदीच्या धास्तीने १० वर्षं भरत आलेली डिझेल गाडी तिकडे स्वस्तात सुटते आणि आपल्याकडे येते. गाडी त्यामुळे वाईट ठरत नाही, पण किंमत पूर्ण नसते. तुमच्या अकरा लाखांत महाराष्ट्राचा कर धरलेला नाही. २० लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्याकडे १५ टक्के एकरकमी कर आहे, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. परराज्यातल्या गाडीला तो वयाप्रमाणे कमी होतो, पण मोजणी मूळ किमतीवरून सुरू होते, तुमच्या अकरा लाखांवरून होत नाही. मूळ इन्व्हॉइसची प्रत घ्या आणि लातूर आरटीओत नेऊन आकडा काढून घ्या. तो अकरात मिळवा, मग एमएच पासिंगच्या गाडीशी तुलना करा.

कागद असे: दिल्लीच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नवीन नंबरासाठी फॉर्म २७, मालकी बदलायला २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. एनओसीवर "लातूर" लिहिलेलं हवं. पुण्याच्या नावाने निघाली तर पुन्हा फेऱ्या. "मिळून जाईल" याला काही अर्थ नाही, एनओसी हातात असेल तर टोकन. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून चलन, कर्जाचा बोजा, काळी यादी आणि रजिस्ट्रेशन चालू आहे की नाही ते आज रात्रीच बघा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

जालना_बायपास
आपल्याकडेही डिझेल दहा वर्षांनी बंदच होणार आहे, कशाला पैसे घालायचे?

हिशेबी
दहा वर्षांचा नियम एनसीआरपुरता आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर फिटनेस करून पर्यावरण कर भरला की पुढची ५ वर्षं मिळतात. धाग्यात चुकीचं पसरवू नका.

गोदातीर (नांदेड)
टायरचं कुणीच बोललं नाही. या गाडीत स्टेपनी नसते, रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. लातूरहून मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डूवाडी, टेंभुर्णी अशा रस्त्याला ८० किलोमीटरमध्ये रनफ्लॅट मिळणारं दुकान सापडणार नाही. चारही काढा, साधे ट्यूबलेस टाका. गाडी मऊ होते, खड्ड्याचा दणका निम्मा होतो.

बोल्टनट
अर्धवट सल्ला देऊ नका. साधे टाकले तर पंक्चर झाल्यावर जागेवर थांबावं लागतं, म्हणून सोबत डिकीत बारीक स्टेपनी, जॅक, पाना आणि कॉम्प्रेसर आलाच. स्टेपनीने डिकीतली बरीच जागा जाते. रात्री घरच्यांना घेऊन फिरणाऱ्याला रनफ्लॅटचा आधार मोठा आहे.

गोदातीर (नांदेड)
आधार एकदाच. हवा नसताना पळवलेला रनफ्लॅट पंक्चर काढून परत वापरायचा नसतो, आतून साईडवॉल भाजलेली असते. एक टायर गेला की जोडी बदला. साध्या टायरला पंक्चरवाला कोणत्याही फाट्यावर आहे.

बोल्टनट
जोडीचं मान्य. पण दोन साधे आणि दोन रनफ्लॅट असं मिश्रण कुणी करू नये, आणि पुढच्या एक्सलवर एक-एक तर अजिबात नाही.

गरम_इंजिन
टायर कोणताही ठेवा, आधी तारीख वाचा. साईडवॉलवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ६८ हजार फिरलेल्या गाडीला २०१६ चेच टायर दिसले तर एक तर टायर बाद, नाहीतर किलोमीटर खोटे. चाकं बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून फिरवा, वाकलेली रिम तिथे डोळ्याला दिसते.

समृद्धी_७०१
टायरवरून आठवलं, समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर हवा थंड टायरमध्ये भरा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. काँक्रीटचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा आणि एप्रिल-मेचं ऊन. जालना ते नागपूर एका दमात नेलं की जुना टायर फुटतो. नायट्रोजनने फरक पडत नाही, बरोबर दाबाने पडतो.

शेंद्रा_रोड
नायट्रोजनने पडतो, दाब कमी हलतो.

समृद्धी_७०१
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पाणी नसलेली कोरडी हवा असली की झालं.

मांजराकाठ
समृद्धी लातूरला कुठंय! वापर सांगतो: रोज गावातल्या गावात दहा-बारा किलोमीटर, महिन्यातून दोनदा पुणे. एनओसीचं विचारलं तर डीलर म्हणतो, पंधरा दिवस लागतील. इंजिन सोडून आणखी काय बघू?

गरम_इंजिन
हा वापर आधी सांगायला हवा होता. रोजचा छोटा फेरा डिझेलला मानवत नाही. इंजिन पूर्ण तापत नाही, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात नेणारी यंत्रणा) आणि हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये काजळी चिकटत जाते. पुण्याच्या दोन फेऱ्या आहेत म्हणून निभावेल, पण त्या फेरीत गिअर हाताने एक खाली ठेवून अर्धा तास २५०० च्या आसपास चालवा.

ईजीआर कूलर हा तुमच्या गाडीचा दुसरा मोठा मुद्दा. आतून कूलंट झिरपतं, काजळीत मिसळतं, आणि ते तापून पेट घेऊ शकतं. यावरूनच २०१८ मध्ये दक्षिण कोरिया आणि युरोपात रिकॉल झालं. युरोपातल्या चार सिलिंडर डिझेलमध्ये एप्रिल २०१५ ते सप्टेंबर २०१६ च्या गाड्या होत्या, तुमची त्याच काळातली. तो व्हीआयएन वर्कशॉपात द्याल तेव्हा हेही विचारा: या नंबरावर रिकॉल आहे का, कूलर बदललाय का. कूलंटची टाकी थंड असताना बघा. पातळी कमी आणि खाली गळती कुठेच नाही, तर संशय कूलरवर. आणि लातूरच्या बोअरचं पाणी त्यात कधी घालू नका, क्षारांनी रेडिएटर भरतो. निळं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

गिअरबॉक्स झेडएफचा ८ स्पीड, दणकट आहे. ५०-६० च्या वेगात ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवा. खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टर खराब किंवा गिअरबॉक्सचं तेल जुनं. "लाईफटाईम ऑइल आहे, बदलायचं नसतं" असं सांगतील. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजारांत किंवा ८ वर्षांत बदला म्हणते. तुमची आठ वर्षं उलटली. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून अख्खा पॅन बदलतात, किटमध्ये ७ लिटर तेल येतं. पातळी बघायची ती इंजिन चालू, गाडी सपाट आणि तेल ३० ते ५० अंश असताना. हे न पाळता भरलं की गिअर दणके देतो.

बोल्टनट
सस्पेन्शनचं मी सांगतो. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात बसतात, त्यामुळे गाडी लाटेवरून गेल्यासारखी जाते आणि पुढचे कंट्रोल आर्म बुश (चाक धरणाऱ्या दांड्यांचे रबर) लवकर फाटतात. ८० ला ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्कसोबत बुशही बघा. बदलताना मिस्त्रीला बजावा, शेवटचा पाना चाकं जमिनीवर टेकलेली असताना. जॅकवर लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. खालचं प्लास्टिकचं कव्हर जागेवर आहे का तेही बघा, गावातल्या स्पीडब्रेकरवर ते आधी जातं. उंच ब्रेकर तिरका घ्या.

गोदातीर (नांदेड)
दिल्लीची गाडी आहे तर पाण्यात बुडाली होती का ते बघा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. डिकीतला तळ उचला, बॅटरी तिथेच असते, तिच्या खाली गंज नको. आणि बॅटरी नवीन दिसली तर ती गाडीत रजिस्टर केली का विचारा. नाही केली तर गाडी जुनी बॅटरी समजूनच चार्ज करत राहते आणि नवीनही लवकर बसते.

मांजराकाठ
वाहन पोर्टल बघितलं. बँकेचा बोजा दाखवतंय. डीलर म्हणाला कर्ज फिटलंय, फक्त नोंद काढायची राहिलीय. व्हीआयएनही मागितला, तर टोकननंतर देतो म्हणाला.

हिशेबी
कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आजच दाखवू शकतो. बोजा निघाल्याशिवाय दिल्लीची एनओसी निघत नाही, म्हणजे पंधरा दिवस हा आकडाही गेला. व्हीआयएनसाठी त्याला विचारायचीही गरज नाही, चेसी नंबर आरसीवर छापलेला असतो. आरसीचा फोटो आहे ना तुमच्याकडे?

मांजराकाठ
आहे. उत्पादन ०३/२०१६ दिसतंय. शेवटचे सात अंक उद्या पुण्याच्या वर्कशॉपात देतो. टोकन थांबवलं.

नंबरवाला
मग नंबरचं काय?